ओव्हन दुपारीच का बंद पडतो?

प्रश्न : ताई, आमचा इलेक्ट्रिक कॉम्बी ओव्हन (वाफ आणि गरम हवा दोन्हींवर शिजवणारा) सकाळी सुरळीत चालतो. दुपारच्या धांदलीत तास-दीड तास झाला की पडद्यावर जादा तापमानाची सूचना येते आणि ओव्हन बंद. दार उघडं टाकून अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू होतो. मेकॅनिक म्हणतो, मेन कार्ड (ओव्हन चालवणारा मुख्य सर्किट बोर्ड) गेलंय. खर्च मोठा आहे. बदलावं का?

उत्तर : इतक्यात नको. जळलेलं कार्ड अर्धा तास विश्रांती घेऊन बरं होत नाही. कार्डावरचा सोल्डरचा एखादा कच्चा टाका तापला की सुटतो आणि निवला की जुळतो, असंही घडतं; पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

पडद्यावरचा कोड आधी पुस्तिकेत ताडून बघा. तुम्ही सांगताय त्यावरून ही तक्रार जिथे पदार्थ शिजतो त्या आतल्या पोकळीची नसावी; ती 250 ते 300 अंश सोसायलाच बनवलेली असते. तापतोय तो बाजूचा कप्पा, जिथे कार्डं असतात. कार्डांवरच्या कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांची) मर्यादा साधारण 85 किंवा 105 अंशांची. तिथवर जायच्या आत सेन्सर ओव्हन बंद करतो, आणि ते त्याचं कामच आहे. या कप्प्यासाठी वेगळा कूलिंग फॅन असतो. तो बाहेरची हवा जाळीतून ओढतो, कार्डांवरून फिरवतो आणि दुसरीकडून बाहेर टाकतो. म्हणून दार उघडं टाकून फारसा फायदा नाही, कार्डं त्या दारामागे नसतात.

सकाळी खोली गार असते, तेव्हा निम्मी चोंदलेली वाटही पुरते. दुपारी सगळ्या शेगड्या पेटल्या की फॅन गरम हवाच ओढतो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी जाळीच्या बाजूला काय ठेवलंय ते बघा. फ्रायर? शेगडी? भिंतीला टेकवून रचलेले ट्रे? उष्णतेच्या साधनापासून किती अंतर हवं ते पुस्तिकेत दिलेलं असतं. मोजपट्टी लावूनच बघा. गर्दीत कुणीतरी ओव्हन सरकवतं आणि तो तसाच राहतो.

मग या हवेच्या वाटेतला फिल्टर. काढून दिव्यासमोर धरा. तेलाची वाफ आणि पिठाची धूळ मिळून त्यावर तपकिरी, चिकट थर बसतो. नखाने खरवडला तर गुंडाळी होऊन निघतो. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर हवा तरी कुठून जाणार? कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. ओला बसवू नका आणि फिल्टरशिवाय ओव्हन चालवूही नका, नाहीतर तोच थर कार्डांवर बसेल. आणि कृपा करून ओव्हनच्या बाजूवर पाण्याचा पाइप मारू नका. स्वच्छतेच्या उत्साहात मेलेली कार्डं मी भरपूर पाहिली आहेत.

फिल्टर स्वच्छ असेल तर फॅनकडे वळा. ओव्हन तापलेला असताना जाळीजवळ टिश्यू पेपर धरा. तो ओढला जाऊन चिकटला पाहिजे. हीच परीक्षा सकाळी आणि ओव्हन बंद पडण्याच्या वेळी, अशी दोनदा करा. सकाळी कागद चिकटतो आणि दुपारी लोंबकळतो, तर फॅनचं बेअरिंग किंवा मोटर तापल्यावर दम सोडतेय.

यापुढचं काम जाणकाराचं. मेन स्विच बंद करून, त्यावर पाटी लावून पाती बोटाने फिरवायची. हलक्या धक्क्यावर ती थोडी फिरत राहायला हवीत. अडली किंवा डुगडुगली, तर बेअरिंग गेलं. फॅन फिरतो पण रेंगाळतो, आणि मोटरला वेगळा कपॅसिटर आहे, तर तो मोजायचा. मायक्रोफॅरड, म्हणजे त्याची क्षमता, उतरलेले असले की वेग पडतो. फॅन फिरतच नाही पण त्याच्या तारांवर पूर्ण व्होल्टेज येतंय, तर दोष फॅनचा. व्होल्टेजच येत नसेल तर आधी थर्मोस्टॅट (तापमानानुसार चालू-बंद होणारा स्विच), रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), आणि मग कुठे कार्ड तपासायचं.

सेन्सरचीही सोपी परीक्षा आहे. रात्रभर बंद राहिलेल्या ओव्हनच्या सर्व्हिस मेनूत कप्प्याचं तापमान दिसत असेल, तर ते सकाळी खोलीइतकंच असायला हवं. गार ओव्हन 60 अंश दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. तुमच्या मेकॅनिकला विचारा, यातलं काय काय तपासून कार्डाचं नाव घेतलं?

प्रश्न : कूलिंग फॅन नवा बसवला, तरी कप्पा पूर्वीपेक्षा जास्तच तापतो. नवा फॅनही खराब निघाला का?

उत्तर : बहुधा उलटा बसलाय. फॅनच्या चौकटीवर बहुतेक वेळा दोन बाण कोरलेले असतात : एक पाती फिरण्याची दिशा दाखवतो, दुसरा हवेची. जुन्या फॅनचा हवेचा बाण कुठे होता ते जुळवा. टिश्यू पेपरची वरची परीक्षा इथेही करा. जाळीतून ओढण्याऐवजी हवा बाहेर फेकली जात असेल तर वेगळा पुरावा नको. दिशा बरोबर असेल तर फॅनवरचा व्होल्टेज आणि हवेची क्षमता जुन्याशी ताडा. चौकट तेवढीच असली म्हणजे फॅन तोच असतो असं नाही.

प्रश्न : आमच्या मायक्रोवेव्ह असलेल्या झटपट ओव्हनचा फॅन काम संपल्यावरही चालूच राहतो. कव्हर उघडून बघू का?

उत्तर : कव्हर अजिबात उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतदाब उरलेला असू शकतो. फॅन मागाहून चालणं ठीकच आहे, उरलेली उष्णता तो काढत असतो. म्हणून स्वयंपाकघर बंद करताना मेन स्विच लगेच पाडू नका, फॅन आपणहून थांबू द्या. ओव्हन हाताला गार लागत असूनही सकाळपर्यंत फॅन फिरत राहिला, तर थर्मोस्टॅटचा किंवा रिलेचा संपर्क चिकटलाय असं धरून कंपनीच्या माणसाला बोलवा.