आधी एक बॅच शिकव, मग राजीनामा दे

प्रिय मित्रा,

तुझा मेल वाचला. पगार उत्तम, पण कामात जीव रमत नाही; एआय शिकवणारी कंपनी काढायची म्हणतोस. जरूर काढ. फक्त राजीनामा देण्याआधी एक बॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः शिकव.

पंधरा-वीस माणसं, शनिवार-रविवार, दोन महिने. आणि फी घे. फुकट आलेला माणूस यायचा बंद झाला तर कारण विचारायलाही संकोच वाटतो. फी भरलेला गळाला तर त्याला फोन कर आणि नीट ऐकून घे. गुंतवणूकदारासमोर मांडायच्या कुठल्याही स्लाइडपेक्षा ते उत्तर मोलाचं आहे.

आधी तुझा नोकरीचा करार वाच. बाहेरच्या कामाला मनाई असेल तर लेखी परवानगी माग. नाहीच मिळाली, तर वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवूनच नोकरी सोड. पीएफला हात लावू नकोस.

तुला वाटतं कोर्सचा मजकूर हेच तुझं भांडवल. मला ते पटत नाही. अँड्र्यू एन्‌जी या प्राध्यापकांचा मशीन लर्निंगचा (म्हणजे एआयमागच्या तंत्राचा) स्टॅनफर्ड विद्यापीठातला कोर्स २०११ मध्येच इंटरनेटवर फुकट आला आणि लाखभर लोकांनी नाव नोंदवलं. मजकुराची टंचाई तेव्हापासूनच नाही. टंचाई आहे ती शेजारी उभं राहून चूक दाखवणाऱ्याची. एमकेसीएल ही कंपनी २००१ साली स्थापन झाली, आणि तिचा एमएस-सीआयटी हा संगणक शिकवणारा कोर्स तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला तो बाजारपेठेतल्या छोट्या केंद्रांमुळे. माऊस कसा धरायचा हे सांगायला तिथे माणूस होता. तशी दोन-तीन केंद्रं बघून ये.

समज, तुझ्या वर्गात अकाउंट्स सांभाळणाऱ्या एक ताई आहेत. त्या चाळीस बिलांचे आकडे चॅटबॉटला देऊन बेरीज मागतात. उत्तर ठामपणे येतं आणि चुकीचं असतं. खरं शिकवणं इथे सुरू होतं. चॅटबॉटमागचं मॉडेल पुढचा शब्द कोणता याचा अंदाज बांधतं, ते कॅल्क्युलेटरसारखं गणित करेलच असं नाही. म्हणून त्याच्याकडून एक्सेलचा फॉर्म्युला लिहून घ्यायचा आणि बेरीज एक्सेलमध्ये करायची. शिवाय ग्राहकांची नावं, पॅन नंबर आधी काढून टाकायचे. ताईंनी पुढच्या आठवड्यात ऑफिसात हे आपणहून केलं, तर तुझा कोर्स चालतो आहे.

फी ठरवताना एवढं बघ: उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि अशा क्लासच्या फीवर १८ टक्के कर बसतो.

आणि ‘एआय शिका, नाहीतर नोकरी जाईल’ अशी जाहिरात करू नकोस. भीती घालून, कर्जाच्या हप्त्यांवर कोर्स गळ्यात मारू नकोस. बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होतं. २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याला कारणं अनेक होती, पण जबरदस्तीच्या विक्रीबद्दल पालकांच्या तक्रारी त्याआधीच सुरू झाल्या होत्या.

पहिल्या चार तासिकांचं नियोजन लिहून पाठव. कुणाला शिकवणार, ते सगळ्यात वर लिही.