वाचकांचे प्रश्न : धुक्यातलं अंजनेरी

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही सहा जण नाशिकहून अंजनेरी किल्ल्यावर जाणार आहोत. दोघं अगदी नवखे आहेत. पायऱ्या असल्याने वाट चुकत नाही म्हणतात. दाट धुकं असेल तर काय सांभाळावं?

उत्तर : घळीतल्या पायऱ्यांवर वाट चुकत नाही, हे खरं. चुकते ती वर, पठारावर. अंजनीमातेच्या देवळापासून तळ्याकडे जाताना जागोजागी ढोरवाटा फुटतात आणि धुक्यात त्याही तितक्याच मळलेल्या दिसतात. पठाराची कड थेट दरीत उतरते, म्हणून फोटोसाठी कुणी एकट्याने कडेला जायचं नाही.

पुढे वाट माहीत असलेला, त्याच्या पाठोपाठ दोघं नवखे, सगळ्यात शेवटी अनुभवी माणूस. शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. प्रत्येकाला आपल्या मागचा दिसलाच पाहिजे; पाच मीटरवरचं दिसत असेल तर अंतरही तेवढंच. फाट्यावर सगळे जमल्याशिवाय पुढे निघू नका. आणि मागचा पोचताक्षणी पुढच्यांनी चालायला लागू नये, नाहीतर ज्याला विश्रांतीची गरज जास्त, त्यालाच ती मिळत नाही. बहुतेक गट इथेच फुटतात.

नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि गावापासून चाललेली वाट नोंदवत जा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. रेंज शोधण्यात बॅटरी संपते, जीपीएस मात्र बहुतेक फोनमध्ये चालू राहतं. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, तेव्हा एक कोरडा रुमाल पिशवीत हवा.

वाट चुकल्याची शंका आली की थांबा आणि खात्रीच्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. ओढ्याच्या कडेने खाली उतरायचा मोह अजिबात नको. सह्याद्रीतले ओढे कड्यावरून धबधबा होऊन कोसळतात. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असावी : संकटात मिनिटभरात 6 वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. ऐकणाऱ्याने 3 वेळा वाजवून उत्तर द्यायचं.

सकाळी सातला चढायला लागलात तर बाराला जिथे असाल तिथून परत फिरा. शेवाळलेल्या पायऱ्या उतरायला नवख्यांना चढण्याइतकाच वेळ लागतो, कधी जास्तही. पाऊल आडवं, पूर्ण तळवा टेकवून टाका.

प्रश्न : छत्री बरी की रेनकोट?

उत्तर : पठारावरच्या वाऱ्यात छत्री उलटते आणि एक हात अडकतो. पायघोळ पोंचोमुळे उतरताना पायाखालची पायरी दिसत नाही. कमरेपर्यंतचं, टोपीचं जाकीट सगळ्यात सोयीचं. जीन्स नकोच, भिजली की जड होते, वाळत नाही आणि थांबल्यावर थंडी भरते. बॅगेला बाहेरून कव्हर घातलं तरी पाठीकडून पाणी शिरतं, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून सामान त्यातच भरा. खाऊही त्यातच ठेवा. अंजनेरीची माकडं हातातली पिशवी ओढतात.