प्रमोशननंतर रत्नागिरीच्या बँक शाखेत सतत ताण येतोय. माझीच कुवत कमी पडतेय का?

नाही, तुम्ही सांगितलंय त्यावरून ही कुवतीची नाही, भूमिकेची ओढाताण आहे. मी मनुष्यबळ विभागात काम करते. आमच्याकडे मानसशास्त्रज्ञ उदय पारीक यांची ५० विधानांची प्रश्नावली वापरतात; त्यात भूमिकेच्या ताणाचे १० प्रकार वेगवेगळे मोजले जातात. तुमच्यात दोन ठळक दिसतात:

- दोन भूमिकांची टक्कर: गणपतीत चाकरमानी आले की काउंटरला रांग, एटीएममध्ये कॅश भरायची घाई, आणि नेमका त्याच दिवशी घरी गौरीचा ओवसा. दोन्हीकडे ‘तूच हवीस’.
- अस्पष्टता: कर्जाच्या फाइलवर सही मॅनेजरची, पण वसुली थकली की जाब तुम्हाला. हा जास्त पोखरतो, आणि सुटायला सोपाही हाच. कोणत्या कामाचा निर्णय कोणाचा, हे मॅनेजरकडून ईमेलवर लिहून घ्या. तोंडी नको.

ओवशाच्या दिवसाची रजा मात्र आषाढातच टाका. ऐन भाद्रपदात कोण देणार?

एक आहे, झोप उडणं, भूक मरणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर हा निव्वळ ऑफिसचा विषय राहत नाही. डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.