रोज पाच-सहा कप चहा घेतल्याने हाडं ठिसूळ होतात का?

तुमचा प्रश्न असा: आई ५८ वर्षांच्या, विट्याजवळ गावी असतात, दिवसाला पाच-सहा कप चहा होतो. गुडघे दुखतात. शेजारच्या काकू म्हणतात चहानं हाडं झिजतात, सोडा. तर सोडायला लावावा का?

नको. चहा कमी केलात तर झोप सुधारेल, साखर कमी जाईल. हाडांसाठी मात्र चहापेक्षा चहामुळे काय खायचं राहून जातंय ते बघा.

आधी हिशेब. कॅफीनमुळे लघवीवाटे थोडं जास्त कॅल्शियम जातं, हे खरं आहे. दीडशे मिलीच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरलं तर एका कपामागे तोटा दोन-तीन मिलिग्रॅमचा. गाईच्या काय किंवा म्हशीच्या काय, १०० मिली दुधात १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि त्यातलं साधारण तिसरा हिस्सा अंगी लागतं. म्हणजे कपात दोन चमचे दूध पडलं तरी तो तोटा भरून निघतो. दूध चहाबरोबर उकळल्यानं कॅल्शियम नाहीसं होत नाही, ही भीतीही काढून टाका. उलट इंग्लंडात केंब्रिजला ६५ ते ७६ वयाच्या बाराशेहून जास्त स्त्रियांच्या हाडांची घनता (हाड किती भरीव आहे ते) मोजली होती (२००० साली तो अभ्यास छापून आला), त्यात चहा पिणाऱ्यांची घनता न पिणाऱ्यांपेक्षा सुमारे पाच टक्के जास्त निघाली. म्हणून चहा हाडांचं औषध ठरत नाही, कारण चहा पिणाऱ्यांच्या बाकीच्या सवयीही वेगळ्या असू शकतात. पण काकूंचं म्हणणं त्यात बसत नाही एवढं नक्की.

मग गडबड कुठे होते? आपल्याकडे खानापूर, खटाव, माण, जत या पट्ट्यात दावणीला दोन म्हशी असतात आणि दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं. घरात उरतं ते चहापुरतं. त्यातही घरातल्या बाईच्या वाट्याला शेवटचा, पातेलं खंगाळून केलेला चहा येतो, रानात गेल्यावर तर कोराच. पाच कपांत मिळून १०० मिली दूध पोटात गेलं तर कॅल्शियम झालं १२० मिलिग्रॅम. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० मिलिग्रॅम सांगितलंय. "आम्ही दूध घेतो की रोज" म्हणणाऱ्या घरात हे दूध मोजून बघा, एका वाटीच्या वर क्वचितच भरतं.

दुसरी गोष्ट भुकेची. सकाळी उठल्यावर चहा, रानात निघताना चहा, अकराला बांधावर चहा, की दुपारपर्यंत न्याहारी नाहीच. गोड चहानं भूक मरते. दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, पाच कपांना ५० ग्रॅम. पोट भरल्यासारखं वाटतं, पण प्रथिनं जेमतेम, आणि हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो.

चहाबरोबर खारी, फरसाण, शेव असेल तर तिकडे जास्त लक्ष द्या. मीठही लघवीतून कॅल्शियम नेतं. सहा ग्रॅम मिठामागे साधारण ४० मिलिग्रॅम जातं, म्हणजे पाच कप चहाच्या तिपटीनं. वर ताटात खर्डा, लोणचं, पापड असतातच. बदनाम मात्र चहा.

गुळाचा चहा हाडांना चांगला म्हणतात, त्यात तथ्य फार नाही. कपाला १० ग्रॅम गूळ घातला तर त्यातून कॅल्शियम आठ-दहा मिलिग्रॅम. चवीसाठी खुशाल घ्या. चहा फुटतो ही तक्रार असते, तर दूध घालून उकळी आली की गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि मग किसलेला गूळ ढवळा. उकळत्या दुधात गूळ पडला की त्यातल्या आंबटपणामुळे दूध नासतं.

आईंसाठी मी असं बसवेन: दिवसाला तीन कप, अर्धं पाणी अर्धं दूध, साखर कपाला एक चमचा. पावडर घातल्यावर तीन-चार मिनिटं उकळलं की पुरे. सकाळचंच पातेलं दिवसभर पुन्हा पुन्हा उकळत ठेवलं की टॅनिन, म्हणजे चहातला तुरट अंश, उतरत राहतं, चहा तुरट होतो आणि मग वरून साखर वाढते. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा नको. हे कॅल्शियमसाठी नाही, लोहासाठी: टॅनिन भाकरी-भाजीतलं लोह अडवतं, रक्त कमी पडतं, चक्कर येते आणि माणूस पडतो. शेवटचा कप चारच्या सुमारास. रात्री झोप मोडून अंधारात ओल्या न्हाणीकडे जाताना खुबा मोडण्याचे प्रकार काही कमी नाहीत.

चहा कमी करून तिथं काय आणायचं, हे जास्त महत्त्वाचं. विट्याकडे भाकरी ज्वारीची, आणि ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात कॅल्शियम ३० मिलिग्रॅमच्या आत. नाचणीत तेच साडेतीनशेच्या आसपास. पाटण, जावळी, शिराळ्याकडे नाचणी घरचीच असते. तुमच्याकडे विकत आणावी लागेल, पण आठवड्यातून तीन-चार वेळा भाकरी किंवा आंबील करा. आंबील आंबवलेली असल्यानं त्यातलं कॅल्शियम जास्त अंगी लागतं. दोन मोठे चमचे तीळ भाजून, कुटून चटणीत घाला. अख्खे तीळ बरेचसे तसेच बाहेर पडतात. एक वाटी दही दुपारी. पाणीदार ताक दह्याच्या हिशेबात धरू नका. शेवग्याचा पाला आणि मेथी चांगली. पालकात कॅल्शियम दिसतं, पण पालकातलाच ऑक्झलेट नावाचा घटक त्याला बांधून ठेवतो, मिळत फार थोडं. आणि डेअरीला घालायच्या आधी अर्धा लिटर दूध घरात काढून ठेवा, नंतर उरत नाही.

आई मिश्री लावत असतील तर चहाच्या आधी ती सोडवा. तंबाखू कोणत्याही रूपात हाडांच्या भल्याची नाही.

अतिरेकाचं एक खरं उदाहरण सांगतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तेच अर्धवट फिरतं. चहाचं झाड जमिनीतलं फ्लोराइड पानात साठवतं. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका बाईंना त्यातून हाडांचा फ्लोरोसिस (फ्लोराइड साठून होणारा हाडांचा आजार) झाला, २०१३ साली वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्या रोज १०० ते १५० टी-बॅगांचा चहा पीत होत्या, तेही १७ वर्षं. पाच कपांना हा धोका नाही. बोअरचं पाणी प्यायला वापरत असाल तर त्यातलं फ्लोराइड मात्र एकदा तपासून घ्या. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नको.

आता गुडघे. गुडघेदुखी बहुतेक वेळा सांध्यातली कूर्चा झिजल्याची असते. हाडं ठिसूळ होणं हा वेगळा आजार, आणि हाड मोडेपर्यंत तो सहसा दुखत नाही. उंची कमी होणं, पाठीला बाक येणं, साध्या पडण्यानं मनगट मोडणं ही त्याची चिन्हं. शिबिरात टाचेवर मशीन लावून जो आकडा देतात तो फक्त चाळणीचा, त्यावर गोळ्या सुरू करू नका. खरी तपासणी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, त्यासाठी मिरज किंवा कोल्हापूरच्या मोठ्या केंद्रांत चौकशी करा. त्यात येणारा आकडा, टी-स्कोअर, उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत राहू नका, कमी पडलं की शरीर ते हाडांतूनच काढून रक्तात भरतं. त्यापेक्षा ड जीवनसत्त्व तपासून घ्या. त्याची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यायची, वर्षभर चालू ठेवायची नाही.

गोळ्या लागल्याच तर चहाचा खरा संबंध तिथं येतो. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. लोहाची गोळी वेगळ्या वेळी आणि चहाबरोबर कधीच नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि कॅल्शियम यांत चार तास. ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेट हे औषध दिलं, तर ती गोळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. आणि त्या अर्ध्या तासात घोटभरही चहा नाही. चहाबरोबर घेतली तर गोळी जेमतेम लागू होते, आणि नेमकी हीच चूक घरोघरी होते, कारण सकाळची पहिली गोष्ट चहाच असते.