फोटोशॉप सोडून प्रोक्रिएटवर (आयपॅडवर चित्रं काढायचं ॲप) गेलं तर कामाचा दर्जा घसरतो का?

नाही घसरत. खरं तर एवढं लिहून थांबले असते, पण "टॅबलेटवरचं काम म्हणजे पोरखेळ" हे मी इतकी वर्षं ऐकून घेतलंय की आज बोलणारच. म्हणणारे म्हणजे ज्यांच्या स्टुडिओत मी उमेदवारी केली ते सर. चित्रकार अव्वल, त्यात वाद नाही. पण त्यांच्या लेखी फोटोशॉप तेवढं काम, बाकी सगळा टाइमपास.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे आलं. तिन्हीसांजेची वेळ, चाळीच्या गॅलरीत स्टुलावर चढून आकाशकंदील टांगणारी आजी आणि खाली वायरचं भेंडोळं धरून उभी नात. अख्खं चित्र आयपॅडवर केलं. सरांनी स्क्रीनवर पाहिलं आणि निकाल देऊन मोकळे झाले: "छापल्यावर हे आकाश जांभळं येणार. तुझं खेळणं प्रेसच्या कामाचं नाही."

अहो, निळ्याचं जांभळं होतं ते शाईमुळे! सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) या शाया जवळपास सारख्या पडल्या की ते होणारच, फाइल कशातही केलेली असो. मी कॅनव्हास उघडतानाच सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचं रंगगणित, निवडलं होतं. प्रोक्रिएटमध्ये ते आधीच ठरवावं लागतं, आरजीबीत (स्क्रीनच्या रंगांत) सुरू केलेला कॅनव्हास मध्येच सीएमवायके होत नाही. आकाशाच्या सगळ्यात गडद भागात सायन १०० टक्के ठेवून मॅजेंटा ६५ टक्क्यांच्या पुढे जाऊ दिला नाही. स्क्रीन त्यामुळे जरा मलूल दिसते आणि संपादक "थोडं ब्राइट करा ना" म्हणून मागे लागतात. त्यांना प्रूफ (छपाईचा नमुना) येईपर्यंत थोपवून धरायचं, हे कौशल्य कुठलंच सॉफ्टवेअर शिकवत नाही. अंकाचं नाव मात्र मांडणी करणाऱ्याने इलस्ट्रेटरमध्ये वेगळं बसवलं, काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत. चार शायांचा काळा केला आणि छपाईत एक रंग केसभर सरकला की बारीक अक्षरांच्या कडा रंगीत दिसायला लागतात.

अंक आला. आकाश निळंशार. सर म्हणाले, "कागद चांगला वापरलाय."

तर मुद्दा असा, की फोटोशॉप २०१३ पासून भाड्याच्या घरासारखं झालंय, पैसे थांबले की बाहेर. प्रोक्रिएट एकदा विकत घेतलं की झालं. गंमत म्हणजे २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये शब्द टाइप करून चित्र भरून घ्यायची सोय आली, तर २०२४ मध्ये प्रोक्रिएटवाल्यांनी असलं काही आपण आणणार नाही असं जाहीर करून टाकलं. आमचे सर आता पार्श्वभूमीची झाडं, ढग त्या सोयीने भरून घेतात. आणि खेळणं माझ्या हातात म्हणे!

हां, हेही ऐकून घ्या. प्रोक्रिएट अँड्रॉइडवर किंवा विंडोजवर चालत नाही, म्हणजे आयपॅड आणि त्यावर चालणाऱ्या ॲपल पेन्सिलचा खर्च धरूनच हिशेब करा. ए३ आकार ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) घेतलात की लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, मोजून मिळतात, किती ते आयपॅडच्या मेमरीवर. सगळं पिक्सेलमध्ये असल्याने उद्या कुणी तेच चित्र फ्लेक्सला मागितलं तर कडा फुटतील. लोगोचं काम जास्त असेल तर याच्या वाटेला जाऊच नका. आयपॅडचं बजेट नसेल तर कॉम्प्युटरवर क्रिटा टाका, फुकट आहे आणि सीएमवायकेही आहे.

फोटोशॉप लगेच बंद करू नका, आधी एखादं छोटं काम करून पाहा. पीएसडी (फोटोशॉपची फाइल) एक्सपोर्ट केली की लेयर सुटे जातात, पुढचं काम फोटोशॉपमध्ये होतं. कशावर काढलंय हे प्रेसवाला विचारत नाही. आणि सरांनी विचारलं तर प्रूफ येईपर्यंत सांगू नका.