वाचक विचारतात : आधी पैसे फेडू की आधी देवाकडे जाऊ?

प्रश्न : मी उत्तनचा, धंदा मासेमारीचा. आमच्या आळीच्या क्रुसाच्या सणाची वर्गणी माझ्याकडे जमा असायची. ऑक्टोबरात बोटीचं इंजिन बंद पडलं, तेव्हा त्यातले 40,000 रुपये वापरले. हंगामात भरू म्हटलं, जमलं नाही. सणाला लोकांनी पदरचे घातले. तेव्हापासून मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात नाही. फादर घरी आले की मागच्या दाराने बंदरावर निघून जातो. आता मासेमारीची बंदी लागलीय, हातात काही नाही. पैसे फेडल्याशिवाय देवाला तोंड दाखवायचं नाही, असं ठरवलंय. बायको म्हणते, उलट कर. खरं कोणाचं?

उत्तर : बायकोचं.

लूक 19 मधला जक्कय बघा. यरीहोतला मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू उंबराखाली थांबून त्याला नावाने हाक मारतो आणि ‘आज तुझ्या घरी उतरायचं आहे’ म्हणतो. चौपट परत करण्याची भाषा जक्कय त्यानंतर करतो. पाहुणा आधी घरात आला, हिशेब मग निघाला. तुम्ही हाच क्रम उलटा लावलाय.

लपण्याची खोड तशी जुनीच. आदामाने अंजिराची पानं शिवून नेसली आणि झाडांत दडला (उत्पत्ती 3). तोडलेलं पान उन्हात किती टिकणार? ‘तू कोठे आहेस?’ असं देवाने विचारलं ते पत्ता हवा होता म्हणून नव्हे. पुढे 21व्या ओवीत देव स्वतःच त्यांना चामड्याची वस्त्रं करून घालतो.

पण तुमच्या धंद्याला जवळचा पेत्र, येशूचा मासेमार शिष्य. महायाजकाच्या वाड्यात थंडीत कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना त्याने येशूला नाकारलं. ‘कोळशाचा विस्तव’ हा ग्रीक शब्द नव्या करारात दोनदाच येतो : तिथे (योहान 18:18) आणि तिबिर्याच्या समुद्राकाठी, मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांना भेटतो तिथे (21:9). रात्रभर जाळं रिकामं, पहाटे 153 मासे, किनारा 200 हातांवर, म्हणजे साधारण 90 मीटर. वर आल्यावर काय दिसतं? कोळशावर आधीच मासळी आणि भाकर. यांनी पकडलेली मासळी अजून जाळ्यातच आहे! जिथे पाय घसरला तसल्याच विस्तवाशी बोलावून येशू त्याला आधी खाऊ घालतो. ‘का केलंस?’ हा प्रश्न नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ मात्र तीनदा, आणि तिसऱ्यांदा पेत्राला दुःख झालं असं योहान लिहितो. कृपा म्हणजे विषय टाळणं नव्हे, म्हणून पैशाचं बोलणं तुम्हालाही चुकणार नाही.

आता करायचं काय. पापनिवेदनाला, म्हणजे फादरांसमोर पापं कबूल करायला, शेजारच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गेलात तरी चालेल, त्यात कमीपणा नाही. शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते सांगा आणि रक्कम आकड्यात बोला. ‘हिशेबात थोडी चूक झाली’ म्हणालात की ते पुन्हा अंजिराचं पान. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं : गोष्ट धूसर सांगायची आणि घरी येताना तोच दगड छातीवर. चर्चच्या कॅनन कायद्याच्या कलम 983 नुसार पापनिवेदनात ऐकलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. म्हणूनच ते तुमच्या वतीने सणाच्या समितीकडे शब्द टाकतील, ही आशा धरू नका. तिथे तुम्हालाच जायचं आहे.

समितीपुढे कागद घेऊन जा. बंदी 1 जून ते 31 जुलै. त्या दोन महिन्यांचा हप्ता कबूल केलात तर पहिलाच चुकेल, आणि मग लपणं नव्याने सुरू. ऑगस्ट ते मे, महिना 4,000, दहा हप्त्यांत 40,000 पुरे होतात. समितीला मान्य झालं तर दोघांच्या सह्या घ्या. ज्यांनी सणाला पदरचे घातले, त्यांची नावं समितीकडून घ्या, पहिले हप्ते त्यांच्याकडे वळवायला सांगा. मोठी मेणबत्ती किंवा देणगीपेटीत घसघशीत नोट घालून हे फिटत नाही, पैसे ज्यांचे त्यांच्याच हातात गेले पाहिजेत.

मिस्साला मात्र ऑगस्टची वाट पाहू नका. पापनिवेदन झालं की येत्या रविवारीच जा.

बायकोला पूर्ण आकडा माहीत आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, तर समितीच्या आधी तिला सांगा.