तुमचे प्रश्न, बागेची उत्तरं

प्रश्न : अंगणातल्या वाफ्यात शेवंती लावलीय. दरवर्षी झाडं काठीसारखी सरळ उंच जातात, वरच चार फुलं येतात आणि जोराचा वारा आला की सगळं आडवं. कोणीतरी सांगितलं वरून आडवी जाळी बांध. बांधली, तर झाडं जाळीतून आरपार वर निघून गेली, फरक काहीच नाही. माझं काय चुकलं?

उत्तर : जाळी बांधलीत ते बरोबर, पण त्यानंतर काहीच केलं नाहीत, तिथे चुकलं. फूलशेतीत फांदी सरळ राहावी म्हणून जाळी लावतात, तिथे झाड आरपार जाऊ देतात आणि ते वाढेल तशी जाळी वर सरकवतात. तुम्हाला पाहिजे पसरट, फुलांनी भरलेलं झाड. मग जाळी एका जागी घट्ट ठेवायची आणि फांद्या तिच्याखाली आडव्या फिरवत राहायच्या.

असं का, ते सांगतो. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खोडातून खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातल्या कोंबांना, फुटू देत नाही. शेंडा खुडला की खालचे डोळे जागे होतात. २०१४ मध्ये वाटाण्यावर झालेल्या एका अभ्यासात तर दिसलं की पहिली जाग साखरेमुळे येते, शेंडा गेला की त्याच्या वाटची साखर डोळ्यांना मिळते, ऑक्झिनचं काम नंतर. फांदी आडवी केली की शेंड्याची ही दादागिरी कमी होते, बगलफुटी वर येतात आणि प्रत्येकीला ऊन मिळतं.

आता करायचं काय. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. चार बाजूंना मजबूत बांबू ठोका, जमिनीपासून साधारण ३० सेंमीवर १५ सेंमी चौकोनांची जाळी ताणून बांधा, बोटाने दाबली तर झोळ पडता कामा नये. तण आधीच काढून घ्या, नंतर हात घालताना वैताग येतो. फुटवा जाळीच्या वर चार-पाच बोटं आला की हळूच खाली ओढून शेजारच्या चौकोनाकडे न्यायचा, मधला भाग आधी, कडेचा नंतर. हे काम दुपारनंतर करा, सकाळी फांद्या पाण्याने टम्म असतात, शेवंतीची फांदी तर अशी काडकन मोडते की आवाज ऐकूनच जीव कळवळतो (मी आजवर किती मोडल्यात ते विचारू नका). नुसती चिरली असेल तर लगेच टेप गुंडाळा, बऱ्याचदा सांधते. नायलॉनची बारीक दोरी नको, वाऱ्यात घासून खोड कापते.

हे कधीपर्यंत करायचं हा खरा प्रश्न, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. शेवंती लहान दिवसांची, म्हणजे खरं तर लांब रात्रींची. रात्री पुरेशा मोठ्या झाल्या की ती कळी धरते. त्याच्या आधी जाळी फांद्यांनी भरून घ्यायची, शेवटचा शेंडाही आधीच खुडायचा, कारण उशिरा खुडलं तर कळीच खुडली जाते. कळ्या दिसल्या की हात लावणं बंद, वरचं वर वाढू द्या. मग जाळीखालच्या सावलीतली पिवळी पानं काढून टाका, हवा खेळली नाही तर भुरी (पानांवर पांढरी बुरशी) येते, मावा (रस शोषणारी बारीक कीड) तिथेच लपतो. पाणी बुडाशी घाला.

याचा कळस बघायचा असेल तर टोकियोच्या शिंजुकू ग्योएन बागेत १ ते १५ नोव्हेंबरला शेवंतीचं प्रदर्शन भरतं. तिथे एकाच बुंध्यावर, सांगाड्याला बांधून, शेकडो फुलं घुमटासारखी रांगेत लावलेली असतात. आपल्याला एवढं नकोय, पण शेंडा खुडणं आणि वाकवणं तेच.

प्रश्न : माझ्याकडे जाळी झकास भरलीय, पण अर्ध्या वाफ्यात कळ्या आणि रस्त्याकडच्या अर्ध्यात नुसती पानं. खत कमी पडलं का?

उत्तर : खताच्या आधी रस्त्यावरचा दिवा बघा. रात्री मध्येच उजेड पडला तरी शेवंतीला रात्र लहान वाटते आणि ती पानंच वाढवत बसते, फूलशेतीवाले हीच गोष्ट मुद्दाम दिवे लावून करतात. संध्याकाळी त्या बाजूला काळं कापड आडवं लावा, सकाळी काढा, आणि कळ्यांना रंग दिसेपर्यंत एकही रात्र चुकवू नका.